सांता कातरीनाच्या रस्त्यात न शिरता

माझा भाऊ विस्तीन माझ्याशी बोलत नव्हता, पण दर मंगळवारी मला चांगला तासभर ऐकवायचा. तेही माझ्याच पाहुण्यांच्या तोंडून.

मी परवान्याची गाइड. माल्टात येणारे अभ्यासू प्रवासी माझ्या वाट्याला येतात. निवृत्त शिक्षक, लायब्ररीवाल्या बाया, गळ्यात चष्मा अडकवून दगडादगडाशी थांबणारे लोक. त्यांना समुद्रात डुंबायचं नसतं, त्यांना सगळं समजून घ्यायचं असतं. दोन दिवस राजधानीचे तट, एक दिवस पाषाणयुगातली देवळं, आणि मंगळवारी आमचं गाव, हाल मिर्रा. गावात चर्च बघायचं आणि मग माझ्या माहेरच्या घराखालचं भुयार. युद्धात बाँब पडायला लागले तेव्हा आमच्या बापजाद्यांनी हातांनी खोदलेलं. त्या घरात विस्तीन राहतो आणि भुयार तोच दाखवतो. म्हणजे मला तिथं जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि त्याला मला आत घेण्यावाचून.

तो दारात उभा राहून पाहुण्यांना म्हणायचा, "तुमच्या गाइडबाईंना सांगा, आज पुन्हा उशीर झाला."

मी छत्री मिटत पाहुण्यांनाच सांगायची, "मंडळी, या गृहस्थांना सांगा, घड्याळ पुढं ठेवायची खोड त्यांना लहानपणापासून आहे."

पाहुण्यांना वाटायचं ही ठरवून केलेली गंमत आहे. काही जण टाळ्यासुद्धा वाजवायचे.

गंमत कसली आलीय. आमच्या गावात चर्च एक, पण संत दोन. सांता कातरीना आणि सान रोक्कु. कातरीनाचा बँड लाल, रोक्कुचा निळा. लाल रस्त्यातला माणूस निळ्या गल्लीतल्या बेकरीतून पाव घेत नाही, आणि निळ्या गल्लीतला माणूस लाल रस्त्यातल्या न्हाव्याकडे दाढी करत नाही. टूरवाल्यांनी मला पाहुण्यांपुढं उंच धरायला निळी छत्री दिली होती, ती मी त्याच दिवशी परत करून पिवळी मागून घेतली. निळी छत्री उघडून आमच्या रस्त्यातून जायची माझी छाती नाही.

कारण मी जन्मानं निळी आणि लग्नानं लाल. माझा नवरा नेनु सांता कातरीना रस्त्यातला, लाल बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. विस्तीन निळ्या क्लबचा अध्यक्ष. तरी बरीच वर्षं सगळं सुरळीत होतं. विस्तीन आमच्या घरी यायचा, बाहेर लाल झेंडे लागलेले असले तर मान खाली घालून यायचा, पण यायचा. माझ्या मुलीचा, मार्तीझचा तो मामा तर होताच, तिच्या बाप्तिस्म्यात तिला हातांवर घेणाराही तोच.

मग एका वर्षी सान रोक्कुची मिरवणूक आमच्या रस्त्यातून जात असताना कुणीतरी गच्चीवरून खरकटं पाणी ओतलं. मूर्तीवर चार थेंब पडले असतील. बाकीचं सगळं पडलं खांदा देणाऱ्या विस्तीनवर. कानामागं शेवई लोंबत होती बिचाऱ्याच्या. त्यानं खांदा काढला नाही. चर्चपर्यंत मूर्ती नेली, खाली ठेवली, आणि तिच्यासमोर उभा राहून शपथ घेतली की सांता कातरीना रस्त्यात पुन्हा म्हणून शिरणार नाही.

पाणी कुणी ओतलं ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. माझी शेजारीण चेन्सा. पण ती अजून कानांवर हात ठेवते.

मी विस्तीनला म्हटलं, अरे, पाणी तिनं टाकलं, मग मला का सोडतोस? तर हा घुम्यासारखा बसून राहिला. तेव्हा मीही म्हटलं, नको बोलूस. दोन वर्षांनी नेनु गेला. त्याची शवपेटी घरातून निघाली तेव्हा माझा सख्खा भाऊ रस्त्याच्या कोपऱ्यावर टोपी हातात धरून उभा होता. पेटी कोपऱ्यावर आली तसा तो तिच्यामागं चालायला लागला. रडत होता. मी पाहिलं सगळं, आणि मला त्याचा राग आला तो आलाच. घरात येऊन माझ्या शेजारी बसायचं सोडून कोपऱ्यावर उभा राहून रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?

आता मार्तीझचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे नवरी स्वतःच्या दारातून निघते आणि बाप तिला हात धरून चर्चपर्यंत चालवत नेतो. बाप नसला तर मामा. शनिवारी लग्न, आणि मामाचं काही ठरेना.

मी पोरीला म्हटलं, "मामा कोपऱ्यावर येईल की. तिथपर्यंत मी येते तुझ्याबरोबर, पुढं तो."

ती ओढणीची लेस बघत होती. मान वर न करता म्हणाली, "कोपऱ्यावरून मामा बाबांच्या पेटीमागं चालला. मला तो कोपरा नको."

"मग?"

"दारापासून येणार असेल तर यावं. नाहीतर मी एकटी चालत जाईन. रस्ता काही लांब नाही."

तिच्या बापासारखीच आहे ती. आवाज चढवत नाही, पण हललीही नाही जागेवरून. सगळ्या रस्त्यादेखत माझी पोर एकटी चालत जाणार या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरेना. पण मी विस्तीनच्या दारात जाऊन विनवण्या करणार नव्हते. शेवटी मीही त्याचीच बहीण.

त्या आठवड्यात मंगळवारचा गट इंग्लंडच्या उत्तरेकडच्या शिक्षकांचा होता. त्यांच्या प्रमुख मिस ऑडली, इतिहासाच्या. काठीसारख्या सरळ, आणि प्रश्न विचारायला लागल्या की थांबायचं नाव नाही. दुसरे लक्षात राहिले ते मिस्टर क्रॅब्ट्री. हे भूगोलाचे शिक्षक, पण तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केलेले. हात फावड्याएवढे. पाषाणयुगातल्या देवळात सगळे वर बघत होते तेव्हा हे खाली बसून दोन दगडांच्या सांध्यावर बोट फिरवत होते.

विस्तीननं नेहमीप्रमाणं दारात अडवलं. "गाइडबाईंना सांगा, मिनिटभर सावलीत उभं करा लोकांना. म्हातारी माणसं आहेत."

"या गृहस्थांना सांगा, त्यांच्याहून ठणठणीत आहेत सगळे."

क्रॅब्ट्री एकदा त्याच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. टाळ्या मात्र त्यांनी वाजवल्या नाहीत.

भुयारात विस्तीन विजेचा दिवा लावत नाही. जुना रॉकेलचा कंदील घेऊन पुढं चालतो, म्हणजे लोकांना अंधार कळतो. पायऱ्या उतरल्या की अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दगडात खोदलेले कोनाडे, एकेका कोनाड्यात एकेक कुटुंब राहिलेलं. भिंतींवर अजून कुदळीचे घाव दिसतात. एका कोनाड्यात मेरीमातेचं छोटं चित्र आहे, त्याच्यापुढं मेणबत्तीची काजळी. विस्तीनचं बोलणं ठरलेलं असतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. भुयाराच्या टोकाला पोचला की तो वळतो आणि म्हणतो, "झालं. आता वर चला."

त्या दिवशी मिस ऑडली वळल्या नाहीत. टोकाच्या भिंतीवर त्यांनी बोटांनी ठोकून पाहिलं. "हे तर मागाहून रचलेले दगड आहेत. यांच्यापलीकडे काय आहे?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. विस्तीन परत भिंतीकडे वळला.

"पलीकडे सांता कातरीना."

"चर्च?"

"रस्ता. त्या बाजूच्या लोकांनीही भुयार खोदलं होतं. एखाद्याचं तोंड बुजलं तर दुसरीकडून निघता यावं म्हणून दोन्ही जोडली. युद्ध संपल्यावर बांधून टाकलं. चोर येतील म्हणून." मग तो म्हणाला, "त्यांच्याकडून लाल येतील म्हणून आम्ही बांधलं, आणि आमच्याकडून निळे येतील म्हणून त्यांनी."

"तुम्ही कधी गेला होतात पलीकडे?"

मला वाटलं आता हा विषय बदलणार. त्यानं कंदील खालचा वर घेतला.

"एकदाच. मी नऊ वर्षांचा होतो. वर बाँब पडत होते आणि आईला कळा सुरू झाल्या. या इथं, या कोनाड्यात. सुईण त्या रस्त्यात राहायची, ग्रात्स्या नावाची. वरून जायची सोय नव्हती. बाबांनी माझ्या हातात हा कंदील दिला आणि म्हणाले, खालून जा. मी गेलो, ग्रात्स्याला घेऊन आलो. ती म्हणाली, कंदील वर धर पोरा, आणि हलवू नकोस. मी धरला. हाताला मुंग्या आल्या तरी धरला."

"आणि बाळ?" मिस ऑडलींनी विचारलं.

"झालं की. मुलगी."

"पुढं काय झालं तिचं?"

"पुढं तिला वाचा फुटली," विस्तीन म्हणाला, "ती अजून बंद झालेली नाही."

सगळे हसले. क्रॅब्ट्री हसले नाहीत, ते माझ्याकडे बघत होते. मी कोनाड्याकडे बघत होते. ही गोष्ट मी आईकडून हजारदा ऐकली होती. ग्रात्स्या तर पुढं माझी सासूच झाली, तिच्याकडूनही ऐकली होती. विस्तीनच्या तोंडून मात्र कधीच नाही. मग मी मागचापुढचा विचार केला नाही.

"मंडळी," मी म्हटलं, "या गृहस्थांना एक विचारा. त्या मुलीची मुलगी शनिवारी लग्नाला निघते आहे. तिला बाप नाही. तिला मामा हवाय, घराच्या दारापासून. या वेळी कंदील धरायचा नाही, नुसता तिचा हात धरायचाय. येतील का म्हणावं?"

क्रॅब्ट्रींनी घसा साफ केला आणि अगदी गंभीरपणे विस्तीनकडे वळून म्हणाले, "या बाई विचारतायत की..."

"ऐकलं मी."

"मग काय सांगू?"

विस्तीन म्हणाला, "सांगा, शपथ मी संतासमोर घेतली होती. गमतीनं नाही. त्या रस्त्यात मी शिरणार नाही."

क्रॅब्ट्री माझ्याकडे वळले. "ते म्हणतात..."

"ऐकलं मी," मी म्हटलं, आणि सगळ्यांच्या पुढं पायऱ्या चढून वर आले. बसमध्ये बसल्यावर मिस ऑडलींनी मला पाण्याची बाटली दिली आणि एकही प्रश्न विचारला नाही.

मार्तीझला मी काही बोलले नाही. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलंच. "असू दे आई," म्हणाली आणि इस्त्री करायला लागली. तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी दुपारी गटाला मोकळा वेळ होता. संध्याकाळी बसपाशी सगळे जमले, तर क्रॅब्ट्री आणि आणखी दोघे उशिरा आले. पोहायला गेलो होतो म्हणाले. केस कोरडे, भुवया पांढऱ्या पिठासारख्या, आणि क्रॅब्ट्रींच्या बोटांची सालं निघालेली.

"कसं होतं पाणी?" मी विचारलं.

"कोरडं," क्रॅब्ट्री म्हणाले. मग म्हणाले, "गार."

माझं डोकंच फिरलं. हे लोक नक्की देवळांकडे जाऊन दगड उकरत होते. मी तिथंच सगळ्यांना सुनावलं, की आमच्या देवळातला खडासुद्धा कुणाच्या खिशात सापडला तर विमानतळावर माझी आणि तुमची दोघांची वरात निघेल. तिघंही शाळेतल्या पोरांसारखे मान खाली घालून उभे राहिले. मिस ऑडली खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, बाईंना वाईट वाटलेलं दिसतंय.

शनिवारी सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नात्यातल्या बाया, फोटोवाला, खजुराच्या वड्यांची ताटं, बदामाच्या गोळ्यांच्या पुड्या. चेन्सा पहाटेपासून येऊन बसली होती. टाचण्या तोंडात धरून ओढणी नीट करत होती आणि मधूनमधून खिडकीत जाऊन रस्ता बघत होती. विस्तीन येतो की काय ते तिला पाहायचं होतं. आला तर शपथ मोडली म्हणून गावभर करता आलं असतं, नाही आला तर भाचीला टाकलं म्हणून.

चर्चची घंटा वाजायला लागली. मार्तीझनं आरशात एकदा बघितलं आणि फुलं उचलली. "चल आई. दार उघड."

मी कडीला हात घातला आणि परसात काहीतरी धपकन वाजलं.

"घूस असेल," चेन्सा म्हणाली.

पुन्हा वाजलं. कपडे धुवायच्या टबाखालून येत होता आवाज. टबाखाली एक फरशी आहे. तिच्याखाली जुन्या भुयाराच्या पायऱ्या आहेत हे मला माहीत होतं. पण सासू गेल्यापासून ती कुणी उचललेली नव्हती. मी नव्या कपड्यांनिशी जाऊन टब ओढला. फरशी आपोआप हलली, एका बाजूला सरकली, आणि आधी कंदील वर आला. त्याच्यामागं एक हात आला. मग काळा कोट, आणि मग दगडाच्या भुकटीनं पांढरं झालेलं माझ्या भावाचं डोकं.

त्यानं पाहुण्यांना शोधलं नाही. सरळ माझ्याकडे बघितलं.

"बेरा, हात दे."

लिबेराता माझं नाव. बेरा म्हणणारा आता तो एकटाच उरलाय. मी त्याला हात दिला आणि वर ओढला. त्याच्यामागून क्रॅब्ट्री आले, लग्नाला आल्यासारखे चांगल्या कपड्यांत, बोटांना पट्ट्या बांधलेल्या.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, नाहीतर मी तिथंच हमसून रडले असते. सवयीनं मी क्रॅब्ट्रींकडे वळले. "या गृहस्थांना सांगा, उशीर झाला."

विस्तीन म्हणाला, "त्यांना नको सांगू. मला सांग."

आयुष्यात पहिल्यांदा माझी वाचा बसली. मी नुसती त्याच्या कोटावरची भुकटी झटकत राहिले. झटकता झटकता झटकणं संपलं आणि मी त्याची बाही धरून उभी राहिले.

चेन्सानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "शपथ मोडलीस ना रे शेवटी?"

"मी? तू पहाटेपासून खिडकीत बसलीयस. मला रस्त्यात शिरताना पाहिलंस?"

"नाही."

"मग झालं तर. शिरणार नाही म्हणालो होतो. बाहेर पडणार नाही असं मी संताला काही बोललो नव्हतो."

चेन्सानं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि जिन्यानं गच्चीकडे निघाली. आमची गच्ची तिच्या गच्चीला लागून आहे. मला ते खरकटं पाणी आठवलं. विस्तीनलाही आठवलं असावं. कारण मार्तीझचा हात हातात घेऊन दारातून निघताना त्यानं कोपऱ्यातली माझी पिवळी छत्री उचलली.

आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. सगळा सांता कातरीना रस्ता दोन्ही बाजूंना उभा होता आणि निळ्या क्लबचा अध्यक्ष नवरीच्या डोक्यावर छत्री धरून लाल झेंड्यांखालून चालला होता. चेन्साची गच्ची आली तसं वरून भरघोस काहीतरी आलं. छत्रीवर तडतडलं आणि फरसबंदीवर उड्या मारत पसरलं. तांदूळ होते. विस्तीननं छत्रीच्या कडेखालून वर पाहिलं. चेन्सा रिकामी परात छातीशी धरून उभी होती. त्यानं मान लववली.

मार्तीझ त्याला काहीतरी म्हणाली. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "मी म्हटलं, मामा, कोपरा मागं गेला."

चर्चमधून सगळे जेवायला आमच्याकडे परत निघाले, तर हा कोपऱ्यावर येऊन थांबला. मी म्हटलं, आता काय झालं? तर म्हणे, "आत शिरता येत नाही ना." आणि मागच्या गल्लीनं स्वतःच्या घरी गेला, खाली उतरला, आणि आम्ही सूप वाढायला घेतोय तोवर परसातून वर आला. असल्या माणसापुढं काय डोकं फोडायचं?

अजून तसाच येतो. चहाला आला तरी खालून, नातवाला बघायला आला तरी खालून. मंगळवारचे माझे पाहुणे आता त्याच्या घरात उतरतात आणि माझ्या परसात बाहेर पडतात. मिस ऑडलींनी पत्रातून विचारलंय की दगड काढल्यावर वरच्या छताला टेकू दिलाय का. दिलाय.

वय झालं आता त्याचं, अंधारात पायरी नीट दिसत नाही. म्हणून तो यायच्या वेळेला मी टब सरकवून ठेवते आणि कंदील लावून सगळ्यात खालच्या पायरीवर नेऊन ठेवते. तो वर येतो तो नाक मुरडतच. वात धड कापता येत नाही तुला, म्हणतो. आणि हे मलाच म्हणतो.